स्वमताचे सोंग

गोदावरीच्या काठी बासर क्षेत्री वसंतपंचमीला जी गर्दी लोटते तीत नांदेड, धर्माबाद, किनवट, आदिलाबाद या बाजूच्या मराठी कुटुंबांचा भरणा मोठा असतो. तीन-चार वर्षांचे मूल मांडीवर घ्यावे, त्याचे बोट आपल्या हाती धरावे आणि ज्ञानसरस्वतीच्या साक्षीने पहिली अक्षरे त्याच्याकडून गिरवून घ्यावीत, हा विधी आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी या ना त्या देवीपुढे झालेला असेल. २०१६ साली तेलंगणातील जिल्ह्यांची फेरवाटणी झाली आणि बासर निर्मल जिल्ह्यात गेले. परंतु त्याआधीची कित्येक दशके ते आदिलाबाद जिल्ह्यात होते, आणि तेथील मराठी माणसाच्या मनातून ते अजूनही निराळे झालेले नाही. बोट धरून गिरवून घेण्यास आमचा आक्षेप नाही. चार वर्षांच्या मुलास दुसरे काय येणार? आमचा आक्षेप आहे तो असा की तेच मूल एकोणीस वर्षांचे होऊन महाविद्यालयात बसते, त्याच्यापुढे "आपले मत सकारण मांडा" असा प्रश्न येतो, आणि त्या घटकेसही त्याचे बोट कोणीतरी धरलेलेच असते. ते सोडविण्याचा त्याने यत्न केला तर त्यास गुण कमी पडतात.

नेमलेल्या पाठांवरून स्वमताचा निबंध लिहावयास सांगण्याची रीत हल्ली पदवीच्या वर्गांत सर्वत्र आहे. नेमलेला उतारा अथवा प्रकरण वाचावे, त्यातील प्रतिपादन नीट समजून घ्यावे, मग त्यावर आपला विचार लिहावा. रीत उत्तम आहे. ज्याने ती प्रथम काढली त्याच्या मनात विद्यार्थ्याविषयी आदर असला पाहिजे. पण प्रत्यक्षात काय घडते? परीक्षेच्या आधी पंधरा दिवस पुस्तकांच्या दुकानांत जी गाईडे आणि जे अपेक्षित प्रश्नसंच विकले जातात, त्यांत "आपले मत मांडा" या प्रश्नाचेही उत्तर छापलेले असते! परमेश्वराने प्रत्येकास निराळे डोके दिले. प्रकाशकाने सर्वांस मिळून एकच मत दिले. ते पाठ करावयाचे, आरंभी "माझ्या मते" आणि शेवटी "असे मला वाटते" एवढे जोडावयाचे, की निबंध सिद्ध. पाच शब्द विद्यार्थ्याचे, बाकीचा मजकूर दुकानातला.

यास आम्ही स्वमताचे सोंग म्हणतो. दशावतारातल्या नटाला निदान ठाऊक असते की तोंडावरचा रंग पहाटे धुवावयाचा आहे. येथे तीन वर्षे सोंग वठविल्यावर मुलास खरोखरच वाटू लागते की हेच आपले मत, आणि मत बनविणे म्हणतात ते हेच. तो पुढे शिक्षक होतो, वकील होतो, देवस्थानचा विश्वस्तही होतो. मग सभेत उठून तो जे बोलतो ते कोणाचे असते, हे वाचकांनीच आठवून पाहावे.

विद्यार्थ्यास दोष देणे सोपे आहे. आम्ही तो देणार नाही, कारण त्याचा हिशेब चोख आहे. स्वतः विचार करून लिहिलेल्या चार ओबडधोबड वाक्यांस किती गुण मिळतात आणि पाठ केलेल्या गुळगुळीत पानास किती, हे तो पहिल्या सहामाहीतच शिकतो. परीक्षकासही आम्ही फार बोल लावीत नाही. उत्तरपत्रिकांचा ढीग पुढे ठेवून ठराविक दिवसांत तो उपसावयाचा असला की ओळखीचे वाक्य दिसताच हात आपोआप बरोबरची खूण करतो. दोष आहे तो एका समजुतीचा. मत म्हणजे ज्ञानाच्या ताटातली कोशिंबीर, पोट भरावयाचे ते पाठांतराने, ही ती समजूत. तिचे पालनपोषण महाविद्यालयाइतकेच आपणही घरोघरी करीत आलो आहोत.

आदिलाबाद जिल्ह्यात या सोंगाला आणखी एक पदर आहे आणि तो फार दुःखद आहे. पैनगंगेच्या दक्षिणेकडील बेला, जैनद, तामसी या बाजूच्या गावांत घरची भाषा मराठी. कचेरीची तेलुगू. आदिलाबाद शहराच्या बाजारात उर्दूवाचून पान हलत नाही, आणि उटनूरच्या डोंगराकडे वळले की गोंडी आणि कोलामी कानी पडू लागते. या भूमीत शिक्षणाची भाषा पिढीगणिक बदलली. निजामाच्या राज्यात १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ निघाले तेव्हा त्याचे माध्यम उर्दू होते. या भागातील मराठी मुलाने पदवीपर्यंत जावयाचे तर इतिहास आणि शास्त्रे उर्दूत वाचावयाची. पुढे उर्दू गेली, इंग्रजी आली. १९५६ साली भाषावार प्रांतरचनेत राजुरा आणि किनवट हे तालुके या जिल्ह्यातून निघून मराठी मुलखास मिळाले. उरलेला जिल्हा, त्यातील मराठी गावांसह, तेलुगू राज्यात राहिला. २०१८ साली तेलंगणाने शाळांत तेलुगू सक्तीची करणारा कायदा केला. ज्या राज्यात राहावयाचे त्याची भाषा मुलांस यावी हे आम्हास मान्य आहे. तेलुगूशी आमचे भांडण नाही. पण जिल्ह्यातील जी महाविद्यालये १९७६ साली वरंगळला स्थापन झालेल्या काकतीय विद्यापीठास जोडलेली आहेत, त्यांतील एखाद्या वर्गात शेवटच्या बाकावर बसलेल्या मराठी मुलाच्या मनात स्वमताचा निबंध कोणत्या वाटेने जातो ते पाहा. विचार सुचतो मराठीत. वर्गात त्यावर थोडे बोलणे झालेच तर ते तेलुगूत. आणि उत्तर लिहावयाचे ते बहुधा इंग्रजीत.

या प्रवासात गळते काय? लोक म्हणतात भाषा गळते. आम्ही म्हणतो मत गळते. कापसाच्या भावाविषयी त्या मुलास जे ठाऊक आहे ते अर्थशास्त्राच्या नेमलेल्या पुस्तकात नाही. बाजारात गाडी उभी असता ओलावा किती धरला, वजनात काय कापले, त्या दिवशी भाव का पडला, हे त्याने बापाच्या शेजारी उभे राहून पाहिलेले असते. पुस्तकातले प्रकरण वाचून "हे आमच्याकडे असे होत नाही" असे त्याच्या मनात येते. परंतु ते इंग्रजीत मांडावयाचे तर वाक्य चुकेल. पुस्तकातले वाक्य चुकत नाही. म्हणून तो पुस्तकाशी सहमत होतो! व्याकरणाची चूक टाळण्यासाठी मनुष्य आपले मत बदलतो, असा हा प्रकार आहे, आणि तो आळसाचा किंवा भित्रेपणाचा मानला जातो. आम्हास त्यात एका मुलाची केविलवाणी काटकसर दिसते. जवळ शब्द थोडे, ते परक्याच्या मतावर खर्च केले तर निदान वाया जात नाहीत.

कोणी म्हणेल, हा रोग कलियुगातला, पूर्वी असे नव्हते. पूर्वीचीही एक गोष्ट ऐकावी. १८६० नंतरच्या दोन-चार वर्षांत महादेव गोविंद रानडे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात शिकत होते. एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्यकारभाराची इंग्रजांच्या कारभाराशी तुलना केली आणि कौल मराठ्यांच्या बाजूने दिला. प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांना बोलावले, जे लोक तुम्हास विद्या देत आहेत त्यांना कमी लेखू नये अशा अर्थाची समज दिली, आणि सहा महिने त्यांची शिष्यवृत्ती बंद ठेवली, असे चरित्रकारांनी नमूद केले आहे. आता गंमत अशी की ग्रँटसाहेबांची विद्वान म्हणून कीर्ती झाली ती ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्राच्या संपादनामुळे. १८५७ साली ते प्रसिद्ध झाले होते. त्याच ग्रंथाच्या आरंभीच्या भागात ॲरिस्टॉटलने आपला गुरू प्लेटो याच्या मताचे खंडन केलेले आहे. ग्रीक शिष्याने गुरूस खोडून काढले ते साहेबांनी टीपांसह छापले. मराठी शिष्याने तेच केले तेव्हा शिष्यवृत्ती थांबली. रानड्यांनी पुढे तोच विषय सोडला नाही. सुमारे चार दशकांनी, १९०० साली, मराठी सत्तेच्या उदयावरील त्यांचा ग्रंथ बाहेर पडला.

तरी ग्रँटसाहेबांच्या पदरी एक पुण्य घातलेच पाहिजे. त्यांनी निबंध वाचला होता. आजच्या विद्यार्थ्यास तो धोका उरलेला नाही.

एल्फिन्स्टनप्रमाणे पुण्याच्या डेक्कन महाविद्यालयातही इंग्रजी ग्रंथकारच शिकविले जात. विष्णुशास्त्री चिपळूणकर तेथून पदवी घेऊन बाहेर पडले, आणि १८७४ च्या जानेवारीत वयाच्या चोविसाव्या वर्षात निबंधमालेचा पहिला अंक त्यांनी काढला. जॉन्सन आणि मेकॉले त्यांच्या रोमरोमांत भिनले होते. पण ते वाचून विष्णुशास्त्र्यांनी उत्तरपत्रिका लिहिली नाही. मराठीत सात वर्षे निबंध लिहिले. मेकॉलेकडून ठासून बोलण्याची रीत घेतली आणि ती मेकॉलेच्या देशबांधवांवरच चालविली. त्यांची सारीच मते आम्ही शिरोधार्य मानीत नाही. जोतिराव फुल्यांविषयी त्यांनी जे लिहिले ते उपहासाने भरलेले आहे आणि न्यायाचे नाही. परंतु तेही आम्हास म्हणता येते ते विष्णुशास्त्र्यांचे मत त्यांचे स्वतःचे होते म्हणून. गाईडातल्या मताशी भांडावे तरी कोणी आणि कोणाशी?

आता आमच्यातील वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप. ते म्हणतात, आधी शिकावे, मग बोलावे. मिसरूड न फुटलेल्यांनी मत देणे म्हणजे लहान तोंडी मोठा घास. या आक्षेपाचे उत्तर बासरलाच मिळेल. व्यासांनी गोदावरीच्या वाळूतून तीन देवींच्या मूर्ती घडविल्या आणि त्यांच्याच नावावरून क्षेत्रास बासर हे नाव पडले, असे तेथील माहात्म्य सांगते. त्या व्यासांच्या महाभारतात, सभापर्वात, द्रौपदी प्रश्न विचारते : आधी स्वतःस हरलेल्या पुरुषास मला पणास लावण्याचा अधिकार होता काय? भीष्म म्हणतात धर्माची गती सूक्ष्म आहे. द्रोण, कृप गप्प. सारी विद्या त्या सभेत बसलेली होती आणि तिला वाचा नव्हती. उठला तो विकर्ण, दुर्योधनाचाच धाकटा भाऊ. तो काय बोलला हे नीट पाहण्याजोगे आहे. आपणास असे वाटते, एवढेच सांगून तो खाली बसला नाही. राजांची चार व्यसने शास्त्रकारांनी सांगितली आहेत, द्यूत त्यांतले एक. व्यसनात बुडालेल्याची कृती प्रमाण मानीत नाहीत. द्रौपदी पाचांची, ती एकट्याने पणास लावली. तीही स्वतः हरल्यावर, आणि शकुनीने सुचविले म्हणून. नेमलेल्या शास्त्रावरून काढलेले, कारणांसह मांडलेले हे स्वमत. त्यावर कर्णाचे उत्तर काय? तू पोर असून म्हाताऱ्यासारखा बोलतोस! विकर्णाच्या एकाही कारणाने कर्ण गांगरला नाही, कारण वयाकडे बोट दाखविले की कारणांकडे पाहावे लागत नाही. वडीलधाऱ्यांनी रागावू नये, पण "आधी शिकावे, मग बोलावे" या वाक्यात आम्हास कर्णाचा आवाज ऐकू येतो.

याचा अर्थ पोथी मिटून ठेवावी आणि तोंडास येईल ते बोलावे असा कोणी घेऊ नये. हल्ली दुसऱ्या टोकाचाही एक वर्ग झाला आहे. त्यास कशावरही मत असते, आणि ते असण्यासाठी काही वाचावे लागत नाही. "मला वाटते" हे त्याचे पहिले प्रमाण, शेवटचेही तेच. या वर्गाहून पाठांतर करणारा बरा. त्याच्या डोक्यात निदान दुसऱ्याचे का होईना, काही असते. नेमलेल्या पाठावर निबंध लिहावयाचा तो एवढ्यासाठीच, की पाठ हा आखाडा असतो. कुस्ती त्याच्या बाहेर होत नाही.

आपल्या परंपरेत यास भाष्य म्हणत. वास्तविक आपल्यासारख्या समाजास ही रीत परकी वाटण्याचे कारणच नाही. आधी पूर्वपक्ष मांडावयाचा, आणि तो असा मांडावयाचा की प्रतिपक्षानेही म्हणावे, आमचे म्हणणे आम्हासही इतके चांगले सांगता आले नसते. मग उत्तरपक्ष. शंकराचार्यांनी सांख्यांचे म्हणणे अर्धवट सांगून खोडले असते तर त्यांच्या भाष्यास कोणी विचारले नसते. गीतेचेच पाहा. सातशे श्लोकांचा एकच नेमलेला पाठ. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी त्यावर भावार्थदीपिका सांगितली. सतराव्या शतकात वामनपंडितांनी त्याच श्लोकांवर यथार्थदीपिका रचली. भावार्थास यथार्थाने दिलेले उत्तर ग्रंथाच्या नावातच आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेले गीतारहस्य १९१५ साली छापले गेले, आणि त्यात संन्यासपर अर्थ लावणाऱ्या आचार्यांचे मत आधी सविस्तर सांगून मग कर्मयोगाचा पक्ष उभा केला. तिघांचे पुस्तक एक, मते तीन. आमच्या घरांत तिन्ही ग्रंथ एकाच फळीवर असतात आणि एकाच हळदकुंकवाचे धनी होतात. त्या फळीसमोर बसून अभ्यास करणाऱ्या मुलास आपण सांगतो की परीक्षेत पुस्तकाबाहेर जाऊ नकोस!

पुस्तकावर विसंबल्याने काय होते याचे उदाहरण आदिलाबादेपासून फार दूर शोधावयास नको. जैनद, ज्यास आता जैनथ म्हणतात, तेथे लक्ष्मीनारायणाचे प्राचीन देवालय आहे आणि तेथे एक शिलालेख आहे. प्रवाशांसाठी छापलेल्या माहितीत वर्षानुवर्षे असे येत आले आहे की लेख प्राकृत असून त्यावरून हे देऊळ एका पल्लव सरदाराने बांधले असे दिसते. महाविद्यालयात स्थानिक इतिहासावर लिहावयास सांगितले की मुले हेच वाक्य उतरून घेतात. पण हा लेख पुराभिलेखतज्ज्ञांनी वाचून केव्हाच प्रसिद्ध केलेला आहे. तो संस्कृत आहे, नागरी लिपीत आहे, आणि माळव्याच्या परमारांपैकी उदयादित्याचा पुत्र जगद्देव याच्या काळचा आहे. आंध्राच्या राजावर आणि दोरसमुद्रावर जगद्देवाने मिळविलेल्या यशाचे वर्णन त्यात आहे. पल्लव कांचीचे, त्यांचे राज्य नवव्या शतकातच संपले. जगद्देव अकराव्या-बाराव्या शतकातला. "प" अक्षराखेरीज दोघांत साम्य काय? लेखाचा आरंभ सूर्यवंदनाने होतो आणि त्यात सूर्याच्या देवालयाची हकीकत आहे. गाभाऱ्यात आज लक्ष्मीनारायण आहेत. मग लेख दुसऱ्या देवळातून आला, की याच देवळात देव बदलले, की पूर्वी सूर्य आणि नारायण यांत आपण आज मानतो तेवढे अंतर नव्हते? हा निबंधाचा विषय! आदिलाबादेहून तासाभरात बसने जाऊन डोळ्यांनी पाहावा, छापील वाचन शेजारी ठेवावे, आणि तीन पक्षांपैकी एक घेऊन बाकीच्या दोहोंस उत्तर द्यावे. अशा निबंधात चूक झाली तरी मूल शहाणे होते. पल्लवांची प्रत काढणाऱ्याची चूक होत नाही; पूर्ण गुण मिळून ती कायम होते.

देवळाच्या लेखाचे झाले ते माणसांचेही होते. समाजशास्त्राच्या नेमलेल्या पुस्तकात आदिवासी समाजावर एक प्रकरण असते. आदिलाबादच्या वर्गात त्यावर मत लिहिणाऱ्या मुलाच्या शेजारच्या बाकावर राजगोंडाचा मुलगा बसलेला असतो. त्यास एक शब्द विचारण्याची गरज कोणास भासत नाही, कारण प्रकरण छापलेले आहे. ज्या भागावरून अशी प्रकरणे लिहिली गेली तोच हा भाग! १९४० साली जोडेघाटास कोमराम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या स्थितीचा अभ्यास करावयास बोलाविले. ते मार्लवाईस येऊन राहिले. १९४३ साली तेथे गोंड शिक्षकांस तयार करण्याचे केंद्र निघाले आणि गोंडी वाचनमाला नागरी लिपीत छापल्या गेल्या. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी, ज्यांना आपण शिवकालाचे इतिहासकार म्हणून ओळखतो, ते हैदराबाद संस्थानचे अधिकारी म्हणून याच जिल्ह्यात होते. ते गोंडी आणि कोलामी बोलावयास शिकले, आणि मग दोन्ही भाषांची व्याकरणे आणि आदिलाबादच्या गोंडांवर पुस्तक लिहिले. क्रम लक्षात घ्यावा : आधी कान, मग मत. आणि मराठी मुलास तर ही वाट आणखी सोपी आहे. गोंडांच्या कुळकथा गाणारे जे परधान, ते गाणे गोंडीत गातात, पण या भागात त्यांच्या घरची बोली मराठी आहे. म्हणजे प्रकरण खरे की खोटे हे ताडून पाहावयास दुभाषाही लागत नाही. शेजारच्या पाड्यावर जाऊन मराठीत विचारले की झाले.

आमच्या या दोन भाषांच्या मासिकास लागू पडेल असे एक उदाहरण दिल्यावाचून राहवत नाही. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, यावर गोव्यात एका पिढीने डोकी फोडली. १९७५ साली साहित्य अकादमीने कोकणीस मान्यता दिली, १९८७ साली गोव्याचा राजभाषा कायदा झाला, १९९२ साली कोकणी घटनेच्या आठव्या परिशिष्टात आली. वाद मिटला असे म्हणणाऱ्यांनी महाविद्यालयातील निबंध काढून पाहावेत. मुलगा मराठी विषय घेऊन बसला आहे की कोकणी, एवढे कळले की त्याचे मत निबंध न वाचता सांगता येते. वामन वर्दे वालावलीकर, म्हणजे आपले शणै गोंयबाब, यांनी जे लिहिले ते एका बाजूचा मुलगा उतरवितो. त्यांच्या विरुद्ध जे लिहिले गेले ते दुसऱ्या बाजूचा. दोघांनीही एकमेकांचे पान उलटलेले नसते. दोन्ही भाषांवर आमचे प्रेम आहे म्हणून आम्ही सांगतो : मराठीच्या विद्यार्थ्याने शणै गोंयबाबांचा पक्ष त्यांच्याच तोडीने मांडून दाखवावा, कोकणीच्या विद्यार्थ्याने उलट बाजू मांडावी, आणि मग हवे तर आपापल्या घरी परत जावे. या मासिकाच्या एका भागाचे वर्गणीदार दुसरा भाग न वाचता पुढे जातात, अशी कुणकुण आमच्याही कानावर आहे. असो.

यंत्राचाही उल्लेख केला पाहिजे. संगणकास प्रश्न सांगावा आणि त्याने क्षणात निबंध लिहून द्यावा, अशी सोय आता मुलांच्या हाती आली आहे, आणि प्राध्यापकवर्ग हवालदिल झाला आहे. आम्हास त्यात विशेष नवे दिसत नाही. जे काम यंत्र इतक्या सफाईने करते ते आपण मुलांकडून यंत्राप्रमाणेच करवून घेत होतो. जैनदचा बसचा रस्ता आणि कापसाच्या गाडीजवळचा बाप मात्र यंत्राने पाहिलेला नाही.

राहिली आपली स्वतःची गोष्ट. महाविद्यालयांस उपदेश करावयाचा आणि आपल्या अंगणात पाहावयाचे नाही, हे बरे दिसत नाही. आपली देवस्थाने, ज्ञातिसंस्था, शिष्यवृत्तिमंडळे नवरात्रात निबंधस्पर्धा ठेवतात. विषय काय असतात? आपल्या सणांची थोरवी. कुलदैवताचे माहात्म्य. आजच्या तरुणास संस्कारांची आवश्यकता. विषयातच उत्तर लिहिलेले. मुलाने ते तीन पाने लांबवावयाचे. आजच्या तरुणास संस्कारांची आवश्यकता नाही, असे कोणा मुलाने लिहिले आणि त्यास पहिले पारितोषिक मिळाले, असे एकदा तरी घडले आहे काय? मग गाईड विकणाऱ्यास आपण कोणत्या तोंडाने बोलावे? आपल्याकडे कित्येक घरी नवरात्रात पुस्तके देवीपुढे मांडून त्यांची पूजा करतात, आणि ती उचलेपर्यंत वाचन बंद ठेवतात. पूजेचे ते दिवस संपले की पुस्तक उघडावयाचे असते. आपण ते उघडतोही, परंतु हात मात्र जोडलेलेच ठेवतो.

श्रद्धा ढिली पडेल, अशी भीती काहींस वाटते. तीन भाष्ये पचवून गीता ढिली पडली नाही. देवळाचा शिलालेख नीट वाचल्याने देव जागा सोडून जात नाही. उलट, ज्यास प्रश्न विचारता येत नाही अशा ठिकाणी शिकलेली मुले फिरकेनाशी होतात, हे आपल्या वार्षिक सभांतील रिकाम्या खुर्च्या सांगतच आहेत.

तेव्हा आमची मागणी ती देवस्थानांच्या विश्वस्तांकडे, कारण विद्यापीठ आमचे ऐकणार नाही. येत्या नवरात्रात निबंधाचा विषय देताना त्याबरोबर दोन छापील उतारे द्यावेत, एकमेकांच्या विरुद्ध जाणारे. जैनदच्या लेखाविषयीचे दोन चालतील, संस्कारांविषयीचे चालतील, मराठी-कोकणीचेही चालतील. निबंध कोणत्या भाषेत लिहावा हे मुलाने ठरवावे : मराठी, कोकणी, तेलुगू, जी भाषा त्याच्या जिभेवर असेल ती. पहिल्या पानावर त्यास न पटणाऱ्या उताऱ्याचा पक्ष यावा, आणि तो अपुरा असल्यास पुढची पाने वाचू नयेत. व्याकरणाच्या चुकीबद्दल गुण कापू नयेत. मुलाने स्वतः पाहिलेली, विचारलेली, मोजलेली एक तरी गोष्ट निबंधात असावी. उलटसुलट मते देणाऱ्या दोन निबंधांस पहिले पारितोषिक वाटून देण्याची पाळी आली तर रक्कम दुप्पट करावी. दोन समयांचे तेल त्यात निघेल. आणि निकाल लावताना प्रत्येक निबंधावर परीक्षकाने आपल्या हाताने लिहिलेला शेराही सभामंडपातील फलकावर टाचावा, म्हणजे निबंध वाचला गेला होता हे मुलास कळेल.